एक वर्ष आणि चार दिवस

जानेवारीतल्या दुसऱ्या पगाराच्या चिठ्ठीवर आईला एक नवीन ओळ दिसली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दर दोन आठवड्यांनी पगार होतो, आणि त्यातले एकशे ब्याण्णव डॉलर आता तिच्या हातात यायच्या आधीच गेले होते. दोन वर्षांपूर्वी तिचं पित्ताशय काढलं, त्या बिलापायी हॉस्पिटलने कोर्टात जाऊन तिच्या पगारावर कपात लावून घेतली होती. बिल सतरा हजारांचं. व्याज सोडलं तरी फिटायला जवळजवळ साडेतीन वर्षं लागणार, असा हिशोब मी पाकिटाच्या मागे केला.

"हिशोब नको मांडूस, जोनेल," आई म्हणाली. "मी दिवाळं काढते. सोमवारी जाते हातोडीवाल्याकडे."

हातोडीवाला म्हणजे लामार रस्त्यावरच्या मोठ्या फलकावरचा वकील. हातात हातोडी, पायाशी तुटलेली साखळी आणि खाली पिवळ्या अक्षरांत: आज एक पैसाही देऊ नका. मेम्फिसमध्ये दिवाळं काढणं ही काही दबक्या आवाजात बोलायची गोष्ट नाही. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी कोणीतरी पंखा हलवत शेजारणीला सांगत असतं, "मी तेरा भरला." तेरा म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्यातलं तेरावं प्रकरण. पाच वर्षं दर महिन्याला हप्ता भरायचा, मग उरलेलं माफ. दुसरा रस्ता सातव्या प्रकरणाचा. त्यात हप्ते नाहीत, आणि चारेक महिन्यांत पाटी कोरी.

मी रसायनशास्त्र शिकले आणि पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. चार महिने आणि पाच वर्षं यांतून आमच्या ओळखीतले जवळजवळ सगळे पाच वर्षंच का निवडतात, ते मला कळेना. एखाद्याचं उत्तर चुकू शकतं. सगळ्यांचं एकाच तऱ्हेने चुकत असेल, तर त्यामागे काहीतरी कारण असणार.

रविवारी प्रार्थना संपल्यावर मी ब्रदर ल्यूशसना गाठलं. चर्चचे जुने सेवक. त्यांनी तीनदा तेरा भरला होता.

"सातच्या वकिलाला आधी हजार डॉलर मोजावे लागतात, पोरी," ते म्हणाले. "हजार डॉलर खिशात असते तर मी दिवाळं कशाला काढलं असतं? तेराचा वकील आज काही मागत नाही. त्याची फी हप्त्यातून वळती होते."

"किती होते?"

"साडेतीन हजार."

"आणि तीनदा भरलात म्हणजे दोनदा हप्ते मध्येच सुटले?"

"दुसऱ्या वेळी तिसरं वर्ष चालू होतं. गाडीचं इंजिन गेलं, दोन हप्ते चुकले, केस फेटाळली. कर्ज पुन्हा जसंच्या तसं उभं. वकिलाचे पैसे मात्र पोचले होते." ते मोठ्याने हसले. "आईला सांग, हातोडी कोणाच्या पायावर पडते ते आधी बघ म्हणावं."

म्हणजे कारण सापडलं होतं. सात स्वस्त होता, पण त्याचे पैसे एकदम द्यावे लागत होते. तेरा महाग होता, पण आज फुकट होता. आईच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बरी होती. फेब्रुवारीच्या अखेरीस तिला टॅक्सचा परतावा यायचा होता, साधारण चौदाशे डॉलर. त्यातून कोर्टाचं शुल्क तीनशे पस्तीस वजा केलं की वकिलासाठी एक हजार पासष्ट उरत होते.

"मला दहा दिवस दे," मी आईला म्हटलं. "त्या पैशांत बसणारा सातचा चांगला वकील शोधते."

"दहा दिले. अकराव्या दिवशी हातोडीवाला."

मी तेवीस वकिलांची यादी केली. राज्याच्या वकील मंडळाच्या नोंदीत प्रत्येकाचा परवाना तपासला, कोणावर कारवाई झाली आहे का ते पाहिलं, तीन गळले. उरलेल्यांना फोन करून फी विचारली. हजार पासष्टच्या आत पाच जण होते. पण फी कळते, वर्षं कळतात; काम कसं करतात ते कुठून कळणार? इंटरनेटवर सगळ्यांना पाच चांदण्या होत्या. प्रयोगशाळेत सगळ्या नमुन्यांचा आकडा सारखाच आला तर आम्ही पाण्यावर विश्वास ठेवत नाही, आधी यंत्र तपासतो.

मग मला कळलं की दिवाळं काढणाऱ्याला एकदा सरकारने नेमलेल्या ट्रस्टीसमोर शपथेवर उत्तरं द्यावी लागतात, आणि ती बैठक कोणालाही बसून पाहता येते. मी एक दिवस रजा टाकली आणि वही घेऊन गेले.

खरी माहिती खोलीत नव्हती, बाहेरच्या लांब व्हरांड्यात होती. भिंतीलगत बाकांवर माणसं बसलेली, बहुतेक चर्चच्या कपड्यांत. दर थोड्या वेळाने एखादा वकील कागदांचा गठ्ठा घेऊन यायचा आणि ओरडायचा, "मिसेस टॉलिव्हर? मिसेस टॉलिव्हर कोण?" एक बाई हात वर करायच्या. वकील हात मिळवायचा आणि दोघं आत जायची. असं चार-पाच वेळा झाल्यावर माझ्या लक्षात आलं: या वकिलांनी आपल्या अशिलाला याआधी कधी पाहिलेलंच नव्हतं.

मी वहीत दोन रकाने केले: नाव पुकारणारे वकील आणि न पुकारणारे. दुपारपर्यंत एकतीस जण झाले. बावीस नावं पुकारली गेली.

न पुकारणाऱ्यांमध्ये एक वयस्क बाई होत्या. पांढरे केस, पायांत पांढरे पळायचे बूट, मांडीवर थर्मास. त्या अशिलाशेजारी आधीपासूनच बसलेल्या असायच्या आणि पेपरमिंटची गोळी पुढे करायच्या. मी दारावरच्या रक्षकाला विचारलं.

"ट्रेडवेबाई," तो म्हणाला. "त्या ओरडत नाहीत. पण त्यांच्याकडे जायचं तर जेवून जा. दोन-दोन तास सोडत नाहीत."

ट्रेडवे हे नाव माझ्या पाचांत होतं. फी नऊशे.

मग मी आत जाऊन बसले. ट्रस्टी प्रत्येकाला तेच प्रश्न एकाच सुरात विचारत होते, चार मिनिटांत एक माणूस. तिसऱ्या माणसापर्यंत माझ्या वहीत सगळे प्रश्न उतरले होते. चौथा निळ्या गणवेशातला, बहुधा गोदामात काम करणारा गृहस्थ होता.

"गेल्या वर्षभरात कोणा नातेवाइकाचे पैसे परत केलेत? सहाशेपेक्षा जास्त?"

"हो साहेब. भावाचे. अठराशे."

त्याच्या वकिलाने फोनवरून मान वर केली.

"भावाचा पत्ता?" ट्रस्टींनी लेखणी उचलली.

"भावाचा? त्याचा यात काय संबंध?"

"ज्यांचं देणं होतं त्या सगळ्यांना डावलून तुम्ही एकट्या भावाला दिलंत. आता ते पैसे मला त्याच्याकडून मागावे लागतील, बाकीच्यांत वाटायला." ट्रस्टींचा आवाज कठोर नव्हता. रोजचंच काम असल्यासारखे ते बोलत होते.

"फॉर्मवर हा प्रश्न होता," वकील अशिलाकडे न बघता म्हणाला.

"फॉर्म चाळीस पानांचा होता, साहेब," तो गृहस्थ म्हणाला.

संध्याकाळी आई मासे तळत होती. मी टेबलाशी बसून तिला ट्रस्टींचे प्रश्न एकेक विचारले. घर? भाड्याचं. गाडी? जुनी ब्यूक. दागिने? "हे कानातले, आणि ते खोटे आहेत हे तुलाही माहीत आहे."

"गेल्या वर्षभरात कोणा नातेवाइकाचं कर्ज फेडलंस?"

"आपल्या घरात कोणी नातेवाइकाकडून कर्ज घेत नाही," आई म्हणाली आणि मासा उलटला.

मी 'नाही' लिहिलं.

नंतरच्या आठवड्यात आम्ही तीन ठिकाणी गेलो. पहिली भेट कुठे दिली तरी फुकटच असते. आईच्या हट्टामुळे सुरुवात हातोडीवाल्यापासून. हातोडीवाला तिथे नव्हता, त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा होता. एका मुलीने सात मिनिटांत आईचा पगार विचारला, बोटाने काहीतरी टिपलं आणि तेरा सुचवला: दरमहा दोनशे चाळीस, साठ महिने.

"सात का नको?" मी विचारलं.

"सात हवा असेल तर बाराशे, आणि ते आजच."

"माणसं गोड आहेत हं," बाहेर आल्यावर आई म्हणाली. तिला पेन आणि कॉफी मिळाली होती.

दुसरा एक तरुण वकील. स्वच्छ परवाना, सात वर्षांचा अनुभव, फी सातशे. त्याने चाळीस पानं पुढ्यात ठेवून स्वतः वाचून दाखवली. नातेवाइकांचा प्रश्नही त्याने विचारला, शब्द न् शब्द ट्रस्टींसारखा. आई म्हणाली, "नाही." त्याने खूण केली. घरी येऊन मी तक्ता पूर्ण केला तेव्हा हाच पहिला येत होता. ट्रेडवेबाईंकडे जायची गरजही वाटेना. पण एक माप घ्यायचं राहिलं की मला चैन पडत नाही.

ट्रेडवेबाईंचं ऑफिस केसांच्या टोपांच्या दुकानाशेजारी होतं. त्यांनी फॉर्म काढलाच नाही. आईला पेपरमिंट दिलं आणि चारशे मुलांसाठी रश्शात मीठ कसं घालता ते विचारलं. आई खुलली. अर्धा तास शाळेचं स्वयंपाकघर चाललं. मी घड्याळ बघत होते.

"इथे कशा आलात? बसने?"

"छे, गाडीने. ब्यूक आहे. अकरा वर्षांची."

"चालते नीट?"

"आता चालते. मागच्या हिवाळ्यात गिअरबॉक्स बसला होता."

"अरे देवा. ते तर दोन हजारांच्या खाली होत नाही. एवढे पैसे कुठून उभे केलेत तेव्हा?"

आई ताठ बसली. "मला बहीण आहे, बाई. ओडेसा. बावीसशे रोख आणून टेबलावर ठेवले तिने. मी शब्दही काढला नव्हता."

"नशीब लागतं अशी बहीण मिळायला. अजून फेडताय का हळूहळू?"

"फेडतेय? परतावा हातात आला त्याच आठवड्यात सगळे तिच्या हातावर ठेवले. मागच्या वर्षी ही शिकत होती ना, म्हणून परतावा मोठा होता." आईने माझ्याकडे बोट केलं. "रक्ताच्या माणसाचे पैसे मी ठेवून घेत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर तो निळा गणवेश आला.

"आई! मी विचारलं होतं तुला!"

"तू कर्जाचं विचारलंस. ते कर्ज कुठे होतं? ते ओडेसाचे पैसे होते, ओडेसाकडे गेले."

ट्रेडवेबाईंनी लेखणीला टोपण लावलं आणि सावकाश समजावून सांगितलं: आज अर्ज केला तर ट्रस्टी ओडेसा मावशीकडे बावीसशे मागू शकतात. मावशीने नाही दिले तर तिच्यावर दावा.

आईने पर्स उचलली. "मग राहू दे. कापू देत पगार, मरेपर्यंत कापू देत. तिच्या दारात माझ्यामुळे कोर्टाचा कागद गेला तर मी तिला तोंड कसं दाखवू? आणि ती गप्प बसणारी आहे होय! चर्चच्या गाण्याच्या तालमीत उभी राहून सांगेल."

"बसा, मिसेस सग्ज," ट्रेडवेबाई म्हणाल्या. "मला फक्त तारीख सांगा. कोणत्या दिवशी दिलेत?"

"मार्चमध्ये. रविवार होता. चर्चमधला बायकांचा रविवार, आम्ही सगळ्या पांढऱ्यात होतो. ओडेसाने पंख्यावर लिहून घेतलं."

"कशावर?"

"चर्चच्या पंख्यावर. अंत्यविधीवाले फुकट देतात ना, पुठ्ठ्याचे. तिच्याकडे दुसरा कागद नव्हता."

मी बाहेर जाऊन मावशीला फोन लावला. तारीख का हवी ते सांगणं भाग होतं, म्हणून सांगितलं. मावशीने आधी टीव्ही बंद केला.

"म्हणजे बघ," मावशी म्हणाली, "माझे पैसे, मी दिले, मला मिळाले. आणि आता ते माझ्याकडून काढून त्या हॉस्पिटलला द्यायचे?"

"हॉस्पिटललाही, आणि बाकीच्यांनाही."

"येऊ दे त्या माणसाला. पाव-मटण खायला घालीन आणि रिकाम्या हाताने परत पाठवीन. आणि तुझ्या आईला सांग, मला परस्पर पोरीकडून कळवायची काय गरज होती? मी काय परकी आहे?"

"ती लाजतेय, मावशी."

"लाजू दे थोडी. थांब, पंखा बायबलमध्ये आहे." पानं उलटल्याचा आवाज. "सहा मार्च. बावीसशे, पूर्ण. खाली तिची सही."

मी आत येऊन सांगितलं. ट्रेडवेबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि दहा मार्चभोवती वर्तुळ काढलं.

"कायदा नातेवाइकांच्या बाबतीत अर्जाच्या आधीचं एक वर्ष बघतो. दहाला अर्ज केला की तुमच्या बहिणीचे पैसे त्या वर्षाच्या बाहेर गेलेले असतील. तोवर तुमचा परतावाही येईल. आज मला काही देऊ नका. आणि मधल्या काळात कोणालाही, अगदी कोणालाही काही परत करू नका."

"ही लपवाछपवी नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कायदा वर्ष म्हणतो, आपण वर्षभर थांबतोय. ज्या दिवशी मी तिला खोटं बोलायला सांगेन, त्या दिवशी दुसरा वकील बघ."

"पण तोवर अजून तीन पगार कापले जातील. पाचशे शहात्तर डॉलर."

"बरोबर. पण हा नियम दोन्हीकडून चालतो. तुमच्या बहिणीसाठी वर्ष, तर हॉस्पिटलसाठी नव्वद दिवस. त्या नव्वद दिवसांत त्यांनी सहाशेच्या वर कापलं असेल, तर ते परत मागता येतं. मिळेलच असं मी म्हणत नाही. मागता येतं."

आधीचा एक आणि हे तीन, चार पगारांचे सातशे अडुसष्ट. हा आकडा मी मोठ्याने म्हटला असावा, कारण आई म्हणाली, "ही अशीच आहे, बाई. लहानपणी शेंगदाणेसुद्धा मोजून खायची."

घरी मी तक्ता पुन्हा काढला. फी, वर्षं, परवाना, अंतर, भेटीची मिनिटं. वकिलांनी दिलेल्या प्रत्येक उत्तराला रकाना होता. आईने दिलेल्या उत्तरांसाठी एकही नव्हता. त्या तरुण वकिलाने आणि मी तोच प्रश्न विचारला होता आणि आम्हा दोघांना 'नाही' मिळालं होतं. ट्रेडवेबाईंनी गाडी चालते का एवढंच विचारलं होतं. दोनशे डॉलर जास्त देऊन मी काय विकत घेतेय, ते आता मला लिहिता येत होतं, फक्त त्याला एकक सापडेना.

पाच आठवडे आम्ही थांबलो. आई मावशीशी तीन आठवडे फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलली. चौथ्या आठवड्यात मावशी स्वतः रताळ्याची गोड पेस्ट्री घेऊन आली आणि दोघी स्वयंपाकघराचं दार लावून बसल्या. आतून आधी भांडण ऐकू आलं, मग हसणं. परतावा सत्तावीस फेब्रुवारीला आला. दहा मार्चला अर्ज दाखल झाला आणि त्यानंतरच्या पगाराच्या चिठ्ठीवरून ती ओळ गेली. कापलेले पैसे परत मागणारं पत्रही ट्रेडवेबाईंनी हॉस्पिटलला पाठवलं.

एप्रिलमध्ये त्याच व्हरांड्यात आई निळी हॅट घालून बसली. ट्रेडवेबाई शेजारी होत्या, गोळी देऊन झाली होती. समोर कोणीतरी ओरडत होतं, "मिस्टर पेटिग्रू? मिस्टर पेटिग्रू कोण?"

आत ट्रस्टींनी तेच प्रश्न त्याच सुरात सुरू केले. घर, गाडी, दागिने. मग तो प्रश्न.

"अर्जाच्या आधीच्या वर्षभरात कोणा नातेवाइकाचे पैसे परत केलेत? सहाशेपेक्षा जास्त?"

"नाही, साहेब," आई म्हणाली. ट्रेडवेबाईंनी पान उलटलं. पण आईने शपथ घेतली होती, आणि शपथ घेतल्यावर एवढंसं उत्तर तिला पुरेना. "त्याच्या आधी केले होते. बहिणीचे. बावीसशे. अर्जाच्या एक वर्ष आणि चार दिवस आधी. तिच्याकडे पंख्यावर लिहिलेलं आहे."

ट्रेडवेबाईंनी डोळे मिटले. ट्रस्टींनी पहिल्यांदाच कागदावरून नजर उचलली, समोरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि मागे मागे नेलं. मीही मनात मोजत होते, जरी शंभर वेळा मोजून झालं होतं.

"एक वर्ष आणि चार दिवस," ते म्हणाले. "ठीक. पंख्याची गरज नाही. पुढचा प्रश्न."

एकूण पाच मिनिटं लागली. सरासरीपेक्षा एक जास्त.

व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर ओडेसा मावशी बसली होती, नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"मला आत बोलावलं नाही?" तिने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "साहेब म्हणाले, गरज नाही."

"सकाळी साडेसहाला उठून इस्त्री केली मी." तिने पर्समधून पंखा काढला. एका बाजूला अंत्यविधीवाल्यांचा पत्ता, दुसरीकडे आईची सही.

"आण तो इकडे. झालं ना सगळं, फाडून टाकते."

"पावती आहे ती," मावशी म्हणाली, पंख्याने स्वतःला वारा घेत. "पावती माझ्याकडे राहील. चला, तुम्ही जेवायला घाला मला."